उद्याने, इंग्लंडमधील खाजगी

इंग्लंडमध्ये जमीनदार, सावकार, लेखक, वनस्पतिसंग्राहक इत्यादींनी आपल्या निवासाभोवती स्वतःच्या आवडीने व स्वतःच्या खर्चाने निर्माण केलेली आणि पुढे निरनिराळ्या मार्गांनी सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी राखण्यात आलेली उद्याने. राजघराण्यांनी किंवा नगरपालिकांनी उभारलेल्या उद्यानांहून यांचे स्वरूप भिन्न आहे. त्यांच्या मागे एखाद्या संस्थेपेक्षा एका व्यक्तीची किंवा एका कुटुंबाची अभिरुची असते आणि तीच त्यांच्या वेगळेपणाचे व त्याचबरोबर त्यांच्या अस्थैर्याचे कारण ठरते. वास्तू बांधून पूर्ण होते; उद्यान मात्र कधीच पूर्ण होत नाही. खुरपणी व छाटणी दोन-तीन वर्षे थांबली, तर फुलांचे ताटवे तणाखाली जातात. दहा-वीस वर्षांत पायवाटा दिसेनाशा होतात आणि कातरून राखलेल्या कुंपणांचे उंच वृक्ष बनतात. उद्यान राखणे म्हणजे ते सतत नव्याने करीत राहणे होय. निर्मात्याच्या पश्चात हे काम कोणी करावे, त्यासाठी पैसा कोठून यावा आणि उद्यानाचे कोणते रूप राखावे, हे प्रश्न विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तीव्रतेने पुढे आले. त्यांची जी उत्तरे तेथे शोधण्यात आली, त्यांतून ऐतिहासिक उद्यानांच्या जतनाचे एक स्वतंत्र शास्त्र व व्यवहार विकसित झाला.

निर्मितीचा इतिहास : सतराव्या शतकातील इंग्लिश उद्यानांवर फ्रेंच व डच पद्धतींचा प्रभाव होता. सरळ कालवे, भूमितीय आकाराचे वाफे आणि निरनिराळ्या आकारांत कातरलेली यू व बॉक्स वृक्षांची झाडे ही त्यांची वैशिष्ट्ये होत. कंब्रिया परगण्यातील लेव्हन्स हॉल येथील अशी कातरलेली झाडे सतराव्या शतकाच्या अखेरीस लावण्यात आली असून त्यांची परंपरा आजही चालू आहे. अठराव्या शतकात हा साचा बदलला. चार्ल्स ब्रिजमन, विल्यम केंट (१६८५–१७४८) व लॅन्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राउन (१७१६–८३) यांनी कुंपणे व सरळ रेषा हटवून हिरवळी, वळणदार तळी, वृक्षपुंज व मंदिरवजा वास्तू यांच्या साहाय्याने निसर्गचित्रासारखी भूदृश्ये निर्माण केली. बकिंगॅमशरमधील स्टो हे या परिवर्तनाचे प्रमुख क्षेत्र. लॉर्ड कॉबम याच्या या जहागिरीवर तिघांनीही काम केले. ब्राउन १७४१ मध्ये तेथे मुख्य माळी झाला. याच सुमारास विल्टशरमधील स्टावरहेड येथे हेन्री होर (१७०५–८५) या सावकाराने स्टावर नदीच्या उगमाजवळ बांध घालून तळे निर्माण केले व त्याच्या काठी फ्लोराचे मंदिर, पँथिऑन, कृत्रिम गुहा इत्यादींची मांडणी केली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिका, चीन, जपान व हिमालय येथून आलेल्या वनस्पतींमुळे उद्यानांचे रूप पुन्हा पालटले. शतकाच्या अखेरीस गर्ट्रूड जीकल (१८४३–१९३२) हिने बहुवर्षायू फुलझाडांची रंगसंगतीनुसार लागवड करण्याची पद्धती रूढ केली. पुढे नवी दिल्लीच्या रचनेमुळे भारतीयांना परिचित झालेला वास्तुशिल्पज्ञ एडविन लट्यन्स याने तिच्याबरोबर अनेक उद्याने आखली. वास्तुशिल्पज्ञाची काटेकोर आखणी व तिच्यात सैलपणे फुललेली झाडे, हा त्यांचा मेळ विसाव्या शतकातील इंग्लिश उद्यानांचा आदर्श ठरला.

प्रेक्षकांची परंपरा : खाजगी उद्यान परक्याने पाहावे, ही कल्पना इंग्लंडमध्ये जुनी आहे. स्टोच्या प्रेक्षकांसाठी १७१७ मध्ये ‘न्यू इन’ ही खाणावळ बांधण्यात आली आणि १७४४ मध्ये बेंटन सीली याने त्या उद्यानाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. एखाद्या इंग्लिश उद्यानाची स्वतंत्र मार्गदर्शिका निघण्याचा हा आद्य प्रसंग मानतात. तथापि हा प्रवेश मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे व मुख्यतः सुस्थितीतील लोकांनाच तो मिळे.

सर्वसामान्यांना ही दारे खऱ्या अर्थाने १९२७ मध्ये उघडली. घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी जमविताना एल्सी वॅग हिने अशी सूचना केली, की खाजगी उद्यानांच्या मालकांनी एक शिलिंग घेऊन लोकांना आपली उद्याने पाहू द्यावीत. पहिल्याच वर्षी ६०९ उद्याने खुली झाली व ८,१९१ पौंड जमा झाले. यातून नॅशनल गार्डन्स स्कीम ही योजना साकारली. १९८० मध्ये ती स्वतंत्र धर्मादाय संस्था बनली. तिच्या पिवळ्या वेष्टनाच्या वार्षिक सूचीत मोठ्या जहागिरींबरोबर सामान्य घरांच्या परसबागाही समाविष्ट असतात. या योजनेचा हेतू उद्यानांचे जतन हा नव्हता. पण उद्यान पाहण्यासाठी अल्प शुल्क देण्याची सवय तिने समाजाला लावली आणि हीच सवय पुढे जतनाचा आर्थिक आधार ठरली.

ऱ्हासाची कारणे : मोठी उद्याने जमिनीच्या उत्पन्नावर व स्वस्त मजुरीवर उभी होती. १८७० नंतरच्या दशकांत परदेशी धान्याच्या आयातीमुळे इंग्लंडमधील शेतीला मंदी आली व जमीनदारांचे उत्पन्न घटले. १८९४ मध्ये मृताच्या मालमत्तेवर संपदा शुल्क लागू झाले. आरंभी त्याचा कमाल दर शेकडा ८ होता. १९१९ मध्ये तो शेकडा ४० झाला व दुसऱ्या महायुद्धानंतर शेकडा ८० पर्यंत गेला. डेव्हनशरचा दहावा ड्यूक १९५० मध्ये वारला, तेव्हा याच कमाल दराने आकारणी झाल्याने डार्बिशरमधील चॅट्सवर्थच्या मालकांना जमिनी, कलाकृती व हार्डविक हॉल ही वास्तू द्यावी लागली. कर्त्या पुरुषाच्या मृत्यूबरोबर उद्यानाचेही भवितव्य टांगणीला लागावे, अशी स्थिती अनेक घराण्यांत निर्माण झाली.

स्टोची कहाणी याहून जुनी आहे. बकिंगॅमचा दुसरा ड्यूक कर्जबाजारी झाल्यावर १८४८ मध्ये वाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव चाळीस दिवस चालला होता. १९२१ मध्ये जहागिरीही विक्रीस निघाली व अनेक पुतळे उद्यानातून गेले. १९२३ मध्ये वाड्यात शाळा सुरू झाल्याने मूळ आखणी मात्र बचावली.

पहिल्या महायुद्धाने माळीच हिरावून नेले. चॅट्सवर्थ येथील जोसेफ पॅक्स्टनचे प्रचंड पादपगृह तापविण्यासाठी युद्धकाळात कोळसा व मनुष्यबळ मिळेना. त्यातील उष्ण प्रदेशीय वनस्पती मेल्या व १९२० मध्ये ती वास्तू पाडण्यात आली. कॉर्नवॉलमधील हेलिगन हे ट्रेमेन घराण्याचे उद्यान युद्धानंतर हळूहळू झाडोऱ्यात बुडाले. १९९० मध्ये तेथे शोध घेणाऱ्यांना माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर ऑगस्ट १९१४ या तारखेनिशी पेन्सिलीने लिहिलेली माळ्यांची नावे आढळली. त्यांतील अनेकजण युद्धावरून परतले नाहीत. ही नावे सापडल्यावर हेलिगनच्या पुनरुज्जीवनाला वेगळे वळण मिळाले. मालकाच्या वैभवाऐवजी भाजीपाल्याचे वाफे, फळझाडांच्या भिंती, अननसाची खताच्या उष्णतेवर चालणारी खाच आणि तेथे राबणाऱ्यांचे कसब यांना त्यात मुख्य स्थान देण्यात आले.

नॅशनल ट्रस्ट : निसर्गसुंदर व ऐतिहासिक स्थळांच्या रक्षणासाठी ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्स्ली यांनी १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. १९०७ च्या कायद्याने आपल्या ताब्यातील मालमत्ता अहस्तांतरणीय घोषित करण्याचा अधिकार तिला मिळाला. अशी मालमत्ता संस्थेला विकता येत नाही व संसदेच्या विशेष संमतीवाचून ती सक्तीने संपादन करता येत नाही. १९३७ च्या कायद्याने मालकांना आपले वाडे व त्यांच्या निर्वाहासाठी निधी ट्रस्टला देऊन तेथे पुढे राहण्याची मुभा मिळाली. त्यासाठी वाडा प्रेक्षकांना ठराविक काळ खुला ठेवावा लागे. स्टावरहेड या मार्गाने आले. तेथील शेवटचा मालक सर हेन्री होर याचा एकुलता एक मुलगा पॅलेस्टाइनच्या आघाडीवर जखमी होऊन १९१७ मध्ये मरण पावला होता. सर हेन्रीने १९४६ मध्ये वाडा व उद्यान ट्रस्टला दिले. पुढील वर्षी तो व त्याची पत्नी एकाच दिवशी निवर्तली.

या व्यवस्थेत उद्यान हे वाड्याचे उपांग समजले जाई. वाडा सामान्य पण उद्यान असामान्य असेल, तर काय करावे, हा प्रश्न सुटत नव्हता. म्हणून १९४८ मध्ये ट्रस्ट व रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी यांनी संयुक्तपणे उद्याननिधीची योजना आखली. त्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्याने परिचारिकांचा भार शासनाकडे गेला होता. त्यामुळे नॅशनल गार्डन्स स्कीमच्या उत्पन्नाचा काही भागही या कामी मिळू लागला. केवळ उद्यान म्हणून स्वीकारलेले पहिले स्थळ ग्लॉस्टरशरमधील हिडकोट हे होय. लॉरेन्स जॉन्स्टन (१८७१–१९५८) या पॅरिसमध्ये जन्मलेल्या अमेरिकन गृहस्थाच्या आईने १९०७ मध्ये ही जागा घेतली आणि त्याने माळरानावर यू, बीच, हॉर्नबीम व हॉली यांच्या कुंपणांनी छतावाचूनच्या खोल्यांसारखे लहानमोठे विभाग पाडले. जॉन्स्टनने लागवडीच्या फारशा नोंदी ठेवल्या नव्हत्या व तो फ्रान्समधील आपल्या दुसऱ्या उद्यानात राहावयास गेला. त्यामुळे ट्रस्टला प्रारंभी अंदाजानेच काम करावे लागले व सल्लागारांची अभिरुची उद्यानात उतरली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जुनी छायाचित्रे तपासून जॉन्स्टनच्या काळातील नाहीसे झालेले काही भाग, उदा., त्याचे पादपगृह, पुन्हा उभारण्यात आले.

केंट परगण्यातील सिसिंगहर्स्ट येथे याच्या उलट अनुभव आला. लेखिका व्हीटा सॅकव्हिल-वेस्ट (१८९२–१९६२) व तिचा पती हॅरल्ड निकल्सन यांनी १९३० मध्ये एका पडक्या वाड्याचे अवशेष घेतले. निकल्सनने रेषा आखल्या व व्हीटाने त्या झाडांनी भरल्या. १९३८ पासून हे उद्यान एक शिलिंग शुल्कावर खुले झाले आणि येणाऱ्यांना ती प्रेमाने ‘शिलिंगवाले’ म्हणू लागली. उद्यान ट्रस्टकडे देण्याची सूचना मुलाने १९५४ मध्ये केली, तेव्हा तिने ती निक्षून नाकारली; आपल्या हातची जागा एखाद्या संस्थेच्या कारभाराखाली जावी, हे तिला सहन होणारे नव्हते. ती वारल्यानंतर संपदा शुल्काच्या अडचणीमुळे मुलाने तोच मार्ग पत्करला व १९६७ मध्ये उद्यान ट्रस्टकडे आले. ते टिकले याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर पॅमेला श्वर्ट व सिबिल क्रॉइट्झबर्गर या दोन उद्यानतज्ञ स्त्रियांना दिले जाते. १९५९ मध्ये, म्हणजे व्हीटाच्या हयातीतच, त्या तेथे रुजू झाल्या व सु. तीन दशके मुख्य माळी म्हणून राहिल्या. मालकी बदलली, तरी हात बदलले नाहीत. निर्मातीच्या आवडीनिवडी कागदावर उतरण्यापूर्वीच त्या माळ्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या.

जतनाची तत्त्वे व मतभेद : उद्यान कोणत्या काळाच्या रूपात राखावे, याविषयी तज्ञांत एकमत नाही. एक पक्ष मूळ रूपाचा आग्रह धरतो. ग्लॉस्टरशरमधील वेस्टबरी कोर्ट हे याचे ठळक उदाहरण. १६९६ ते १७०५ या काळात मेनार्ड कोल्चेस्टर याने तेथे डच धर्तीचे कालवे व जलोद्यान केले होते. १९६७ मध्ये ट्रस्टने ते घेतले, तेव्हा मूळ वाडा नष्ट झाला होता, कालवे गाळाने भरले होते व भिंती ढासळल्या होत्या. मालकाच्या हिशेबवह्यांतील रोपांच्या खरेदीच्या नोंदी व अठराव्या शतकाच्या आरंभीचे एक उत्कीर्णन यांच्या आधारे पुनर्लागवड करण्यात आली आणि त्या काळी इंग्लंडमध्ये ज्ञात असलेल्या वनस्पतीच निवडण्यात आल्या. पुरावा विपुल व नंतरचे थर नगण्य असतील, तेथे ही पद्धत समाधानकारक ठरते.

स्टावरहेडसारख्या ठिकाणी प्रश्न अधिक बिकट होतो. तळ्याकाठी आज वसंतात फुलणारे ऱ्होडोडेंड्रॉन अठराव्या शतकातील नाहीत; ते नंतरच्या पिढ्यांनी लावले. मूळ हिरव्या रंगच्छटांची संयत रचना त्यांच्या भडक रंगांनी बिघडते, असे काही अभ्यासकांचे मत आहे. प्रेक्षकांची एक मोठी संख्या मात्र त्यांच्यासाठीच येते. ट्रस्टने येथे नंतरची लागवड सरसकट न उपटता मुख्य दृश्यरेषा मोकळ्या ठेवण्याचा मध्यम मार्ग पत्करला. प्रत्येक पिढीने घातलेली भर हाही उद्यानाच्या इतिहासाचाच भाग होय, ही भूमिका यामागे आहे.

तिसरा पक्ष रूपापेक्षा निर्मात्याच्या वृत्तीला महत्त्व देतो. ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर येथे लेखक व उद्यानतज्ञ क्रिस्टोफर लॉइड (१९२१–२००६) याने लट्यन्सच्या काळातील गुलाबवाटिका काढून १९९३ च्या सुमारास तेथे मोठ्या पानांच्या उष्ण प्रदेशीय वनस्पती लावल्या, तेव्हा गुलाबप्रेमी हळहळले. सतत प्रयोग करणे हाच या उद्यानाचा स्वभाव असल्याने त्याच्या मृत्यूनंतर न्यासाने व मुख्य माळी फर्गस गॅरेट याने उद्यान आहे तसे गोठविण्याचे टाळले. सिसिंगहर्स्ट येथेही व्हीटा व निकल्सन यांना ग्रीसमधील डेलॉस बेटाच्या भेटीवरून सुचलेला, पण केंटच्या थंड व ओल्या हवेत न साधलेला विभाग २०१९ नंतर उद्यानकल्पक डॅन पिअर्सन याच्या आराखड्यानुसार नव्याने करण्यात आला. निर्मात्यांनी प्रत्यक्षात आणलेल्या रचनेपेक्षा त्यांना अभिप्रेत असलेली रचना राखावी काय, हा यातील वादाचा मुद्दा आहे. ऐतिहासिक उद्यान हे ‘जिवंत स्मारक’ असल्याचे तत्त्व फ्लॉरेन्स येथे १९८१ मध्ये तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय सनदेने मान्य केले. वनस्पतींची वाढ व मृत्यू गृहीत धरूनच जतनाचा विचार करावा, हे त्या सनदेचे सार होय.

अन्य व्यवस्था : ट्रस्ट हा एकच मार्ग नाही. ऑक्सफर्डशरमधील राउशम येथे केंटने १७३८ च्या सुमारास घडविलेले उद्यान आजही कॉट्रेल-डॉर्मर घराण्याकडे आहे. तेथे दुकान वा उपाहारगृह नाही. त्यामुळे अठराव्या शतकातील एकांताचा अनुभव तेथे मिळतो. ग्लॉस्टरशरमधील सेझिन्कोट हेही खाजगी मालकीचे असून भारतीय वाचकांच्या दृष्टीने ते विशेष उल्लेखनीय आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत धनाढ्य झालेल्या सर चार्ल्स कॉकरेल याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मोगल धर्तीचा घुमटाकार वाडा बांधविला. भारतीय दृश्यांचा चित्रकार टॉमस डॅनिएल याने उद्यानात सूर्याचे मंदिर व नंदींच्या मूर्ती असलेला पूल योजिला. पुलाखालील स्तंभ मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्यांतील स्तंभांवरून सुचले असल्याचे मानले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दुर्लक्षित झालेले हे स्थळ १९४४ मध्ये क्लाइनवर्ट कुटुंबाने घेतले व ट्रस्टचा उद्यानसल्लागार ग्रेअम स्ट्यूअर्ट टॉमस याच्या साहाय्याने त्याचा जीर्णोद्धार केला.

काही उद्याने स्थानिक शासनाने वाचविली. सरी परगण्यातील पेन्सहिल हे चार्ल्स हॅमिल्टन याने १७३८ पासून घडविलेले उद्यान. कर्जामुळे त्याला ते १७७३ मध्ये विकावे लागले व १९४८ नंतर त्याचे तुकडे पडून ते माजले. एल्मब्रिज नगरपरिषदेने १९८० मध्ये त्यातील सु. ६४ हेक्टर जमीन खरेदी केली; पुढील वर्षी स्थापन झालेल्या न्यासाने तळे, द्राक्षमळा व स्फटिकांनी मढविलेली कृत्रिम गुहा पुन्हा सिद्ध केली. सॉमरसेटमधील हेस्टरकूम हे लट्यन्स व जीकल यांचे उद्यान अग्निशामक दलाच्या मुख्यालयाच्या आवारात होते. कुंड्या ठेवण्याच्या खोलीत जीकलचे लागवडीचे आराखडे सापडल्यानंतर १९७३ पासून परगणा परिषदेने त्याचे पुनरुज्जीवन हाती घेतले. विसाव्या शतकातील उद्यानाचा त्याच्या मूळ आराखड्यांवरून जीर्णोद्धार करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता.

कायदा व अर्थसाहाय्य : इमारतींना कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतरही उद्याने दीर्घकाळ त्यापासून वंचित राहिली. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या गार्डन हिस्टरी सोसायटीने या विषयाच्या अभ्यासाला चालना दिली व १९७९ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयातील इंग्लिश उद्यानविषयक प्रदर्शनाने लोकमत जागे केले. १९८३ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यान्वये ऐतिहासिक उद्यानांची नोंदवही तयार करण्याचा अधिकार इंग्लिश हेरिटेज या संस्थेला मिळाला. २०१५ पासून हे काम हिस्टॉरिक इंग्लंडकडे आहे. तीत सु. १,७०० स्थळे असून त्यांची तीन श्रेणींत विभागणी केली आहे. नोंदणीमुळे इमारतींप्रमाणे स्वतंत्र परवान्याचे बंधन येत नाही. मात्र बांधकामाला अनुमती देताना नियोजन अधिकाऱ्यांना या नोंदीचा विचार करावा लागतो. १९८० मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय वारसा स्मृतिनिधी व १९९४ पासून राष्ट्रीय सोडतीतून मिळणारे अनुदान यांमुळे मोठ्या जीर्णोद्धारांना आधार मिळाला. स्टोची उद्याने १९८९ मध्ये ट्रस्टकडे आली व १७१७ ची न्यू इन दुरुस्त होऊन पुन्हा प्रेक्षकांचे प्रवेशद्वार बनली.

दैनंदिन जतनकार्य : यूची कुंपणे दरवर्षी छाटावी लागतात व फार रुंद झाल्यास बुंध्यापर्यंत मागे कापावी लागतात. असे कापताना प्रथम एकच बाजू घेतात. तिला नवी पालवी फुटून ती सावरल्यावर काही वर्षांनी दुसरी बाजू घेतात. जुन्या वृक्षवीथीतील मेलेल्या झाडाच्या जागी एकटे रोप लावल्यास ते शेजारच्या झाडांच्या सावलीत खुरटते. म्हणून कधीकधी संपूर्ण वीथी तोडून नव्याने लावण्याचा, त्या पिढीला अप्रिय वाटणारा निर्णय घ्यावा लागतो. संकरित फुलझाडांचे गुण बियांतून शुद्ध उतरत नसल्याने जुने प्रकार छाटकलमे, डोळे बांधणे वा मुळांची विभागणी यांनीच टिकतात; शेवटचे झाड मेले, की तो प्रकार कायमचा जातो. असे प्रकार सांभाळण्यासाठी १९७८ मध्ये एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. आता प्लँट हेरिटेज या नावाने ओळखली जाणारी ही संस्था एकेका प्रजातीचे संग्रह निरनिराळ्या उद्यानांकडे व हौशी व्यक्तींकडे सोपविते.

नैसर्गिक आपत्तींनीही मोठी हानी केली. १९७० नंतर डच एल्म रोगाने देशातील बहुतेक मोठे एल्म वृक्ष मारले. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटेच्या वादळात दक्षिण इंग्लंडमधील सु. दीड कोटी झाडे उन्मळली. ससेक्समधील नायमन्स, शेफील्ड पार्क व वेकहर्स्ट या संग्रहोद्यानांचे अतोनात नुकसान झाले. या आघाताने पुनर्लागवडीचे दीर्घकालीन आराखडे पूर्वीच तयार ठेवण्याचा धडा दिला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बॉक्स झाडावरील कवकजन्य रोगामुळे व नंतर त्यावरील पतंगाच्या अळीमुळे अनेक उद्यानांतील कातरलेल्या कडा नष्ट झाल्या असून त्यांच्या जागी इतर झाडे लावण्यात येत आहेत. उष्ण व कोरडे उन्हाळे आणि अतिवृष्टी यांमुळे मूळ वनस्पतींचा हट्ट कोठवर धरावा, हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

प्रेक्षक हेही जतनाचे साधन व संकट दोन्ही होत. त्यांच्या शुल्कावर व सदस्यवर्गणीवर माळ्यांचे वेतन अवलंबून असते. नॅशनल ट्रस्टची सदस्यसंख्या २०१७ मध्ये ५० लाखांवर गेली असून संस्था २०० हून अधिक उद्याने सांभाळते. परंतु एका कुटुंबाच्या पावलांसाठी आखलेल्या अरुंद हिरवळीच्या वाटा हजारो पावलांनी उघड्या पडतात. सिसिंगहर्स्ट येथे काही वाटांवर फरशी व विटा घालाव्या लागल्या आणि गर्दीच्या काळात ठराविक वेळेच्या तिकिटांची पद्धत आणावी लागली. वाहनतळ, उपाहारगृह व सूचनाफलक यांनी उद्यानाचा खाजगीपणा हरवतो, ही तक्रारही वारंवार केली जाते. घरगुती वाटणारी जागा सार्वजनिक करताना तिचे घरपण शक्य तेवढे राखणे, हे या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक काम मानले जाते.

जीकलचे स्वतःचे सरी परगण्यातील मन्स्टेड वुड हे उद्यान दीर्घकाळ या सर्व व्यवस्थांच्या बाहेर राहिले. तिच्या मृत्यूनंतर १९४८ मध्ये त्याचे तुकडे झाले. तिचे बरेचसे आराखडे अमेरिकेत गेले व कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरक्षित राहिले. लट्यन्सने बांधलेले तिचे घर व त्याभोवतालचे उद्यान नॅशनल ट्रस्टने २०२३ मध्ये विकत घेतले. निर्मातीच्या पश्चात नव्वद वर्षांनी हाती आलेल्या या जागेत मूळ झाडे थोडीच उरली आहेत. मात्र तिचे लेखन, तिने घेतलेली छायाचित्रे व आराखडे यांतून तिची दृष्टी कळू शकते. त्यांच्या आधारे तेथील लागवड पुन्हा उभी करणे हे आता माळ्यांच्या हाती आहे.